निकाल तोंडाने सांगायचा नाही

दत्ताराम गेल्याची बातमी आली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी चहात उंडा पाव बुडवत होतो. फोन त्याच्या मुलाचा, नितीनचा होता. "काका, बाबा गेले. पाचाक." पुढे तो म्हापशाच्या हॉस्पिटलाचं, गाडीचं, मांद्र्याला किती वाजता आणणार त्याचं काहीबाही सांगत राहिला. मी हूं हूं करत फोन ठेवला, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "म्हणजे त्याला कळलंच नाही!" माझी बायको मालती चुलीपाशी होती. तिला वाटलं मी धक्क्यानं बरळतोय. मी बरळत नव्हतो. पस्तीस वर्षं जुन्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून मला आधी हॉकी आठवली, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लपवलं तर दत्तारामबद्दल लिहिताच येणार नाही.

मांद्र्याला पोचलो तर अंगणात माणसं जमली होती. अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा त्याच्या नात्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "दाढी काढा रे ती. बऱ्या घरचो माणूस, असो कसो न्हेतास?" दत्तारामच्या गालांवर सहा आठवड्यांची पांढरी दाढी होती. नितीननं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "दाढी काढायची नाही." "हो कोण सांगणारो?" असं ते गृहस्थ मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. मी कोण ते त्यांना सांगत बसलो नाही. वाचकांना सांगतो. अमेरिका-कॅनडातल्या आईस हॉकीच्या लीगमध्ये वर्षाच्या शेवटी बाद फेऱ्या होतात, त्यांना प्लेऑफ म्हणतात. दोन संघांत सात सामने, जो आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या, आणि शेवटी चषक. त्या दोन महिन्यांत खेळाडू दाढी करत नाहीत. संघ बाहेर पडला की वस्तरा. दत्तारामचा संघ बाहेर पडला नव्हता. आदल्या दिवशी पहाटे तो उपांत्य फेरीचा सातवा सामना जिंकून अंतिम फेरीत गेला होता. मला ते ठाऊक होतं. त्याच दुपारी चार वाजता मी हॉस्पिटलात दत्तारामच्या खाटेपाशी उभा होतो, त्यानं मला निकाल विचारला होता, आणि मी सांगितला नव्हता. मुद्दाम. सूड म्हणून.

मी अनंत, डिचोलीचा. सुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्यावर कारकून होतो. दत्ताराम बांद्याकडचा, टिपरवर ड्रायव्हर म्हणून आला. दिवसात दहा-बारा खेपा, म्हणजे दहा-बारा वेळा तो माझ्या खिडकीसमोर टिपर उभा करायचा. बाकीचे ड्रायव्हर वजनावरून भांडत, हा खाली उतरून माझ्या डब्यातली भाजी चाखून जायचा. लग्न मांद्र्याच्या सुमनवहिनींशी झालं, सासरच्या जागेत त्यानं पुढे टिपर सोडून पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या, आणि पहिल्याच वर्षी त्यातल्या एका खोलीत वॉल्टरबाब येऊन राहिला. कॅनडाचा निवृत्त मास्तर. दर हिवाळ्यात यायचा आणि समुद्राकडे पाठ करून बर्फाच्या गोष्टी सांगायचा. आम्हाला बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीतला. त्यावर पायाला पाती बांधून माणसं धावतात, एकमेकांना भिंतीवर आपटतात, दात पडले तर खिशात घालून परत खेळतात, हे ऐकून दत्तारामला वेडच लागलं. मलाही लागलं, पण मी ते कबूल करायला दोन वर्षं घेतली. वॉल्टरबाबचा संघ निळा. दत्तारामनं तोच धरला. मग मी लाल धरला. का? दत्तारामनं निळा धरला म्हणून. लाल संघाचं शहर कुठं आहे हे तेव्हा मला नकाशात दाखवता आलं नसतं.

तो कॅसेटांचा काळ. वॉल्टरबाब घरी जाऊन प्लेऑफ रेकॉर्ड करायचा आणि खोक्यात भरून टपालानं पाठवायचा. खोकं मांद्र्याला पोचेपर्यंत जुलै उजाडायचा. तिकडे चषक देऊन लोक घरी गेलेले असत आणि आमचं प्लेऑफ सुरू होत असे. तिकडची कॅसेट आपल्या साध्या व्हीसीआरवर चालत नाही, म्हणून जहाजावर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्याकडून आम्ही दोघांनी तसली चालणारी यंत्रं मागवली होती. पावसात खाण बंद, पर्यटक नाहीत, दोघंही मोकळे. सोय सगळी होती, एकच गोष्ट मला खुपायची. खोकं दत्तारामच्या घरी यायचं. तो आधी बघायचा आणि मग बसच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी डिचोलीला पाठवायचा. म्हणजे दर वर्षी, दर सामन्याचा निकाल, त्याला माझ्याआधी ठाऊक असायचा.

म्हणून मी त्याला ग्रामदेवतेपुढे उभा केला. नारळ ठेवला, गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या दोगांनी खेळाचो निकाल एकामेकाक तोंडान सांगूचो नाय..." "व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. मध्येच थांबून गुरवानं विचारलं, "खेळ खयचो?" दत्ताराम म्हणाला, "बर्फावयली हॉकी." गुरव जरा विचारात पडला. "देवाक बर्फ खयसून म्हायत आसतलो? मी नुसतो खेळ म्हणतय." तर अशी ती शपथ. आणि हे मान्य करायला मला त्रास होतो, पण दत्तारामनं ती फार निगुतीनं पाळली. मालिका चार सामन्यांत संपली काय किंवा सहात, तो मला नेहमी सात कॅसेटा पाठवायचा. नाहीतर कॅसेटा मोजूनच मला कळलं असतं, मालिका कितीव्या सामन्याला संपली ते. उरलेल्या कॅसेटांत तो गावच्या जत्रेतली दशावतारी नाटकं भरायचा. लाल संघ सहाव्या सामन्यात हरला असं बघून मी आशेनं सातवी लावायचो... तर राजा तलवार फिरवत प्रवेश करायचा.

दाढीचं वेड वॉल्टरबाबनं सांगितलं आणि आम्ही दोघांनीही उचललं. मांद्र्यात दत्तारामचं निभावलं, तिथं परदेशी लोकांत कोण कसाही फिरतो. डिचोलीत माझी शोभा झाली. आपल्याकडे बायको गरोदर असली की नवरा दाढी काढत नाही. मी पन्नाशीला टेकलेलो, मुलीसाठी स्थळं बघत होतो, आणि जुलैभर दाढी वाढवून बाजारात फिरत होतो. मालतीला मासळीबाजारात एक बाई बाजूला घेऊन म्हणाली, "कितवो म्हयनो गो? सांभाळ हां, ह्या वयात..." शेजारणी लोणचं देऊन गेल्या. माझ्या सासूबाई साखळीहून डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि लेकीकडे बघून रडायला लागल्या. मालतीनं मला जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही. "मगे कित्याक काडनात ती दाढी?" असं तिनं शेवटी विचारलं. मी म्हणालो, "अजून हरलो नाही." दत्तारामला हे सांगितलं तर तो फोनवर इतका हसला की पलीकडून सुमनवहिनी विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

आता त्या वर्षाबद्दल. लाल संघ कितीतरी वर्षांनी अंतिम फेरीत गेला होता, आणि वाटेत त्यानं निळ्यांना बाद केलं होतं. ती कॅसेट बघून झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी मांद्र्याच्या तिठ्यावर जाऊन पेढे वाटले. "कशाचे पेढे?" लोक विचारत, आणि मी म्हणे, "दत्तारामाक विचारा." मी जरा जास्त केलं, ठीक आहे. पण खेळात तेवढं चालतं. अंतिम फेरीच्या पाच कॅसेटा मी पाच संध्याकाळी बघितल्या. लाल दोन, समोरचे तीन. सहावी जिंकायलाच हवी होती. मी तांदळाची पेज घेऊन यंत्रापुढे बसलो, कॅसेट आत सरकवणार तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. बघतो तर बसस्टँडवरचा बाबलो, आमचा न्हावी, पेटी घेऊन उभा. "मांद्र्याच्या दत्तारामबाबान कंडक्टराकडे निरोप धाडला. तुमची दाढी काडूची म्हणान. आयजच."

मी बाबलोकडे बघितलं, हातातल्या कॅसेटीकडे बघितलं. संघ बाहेर पडला की वस्तरा. सहावा सामना मी बघितलेला नव्हता आणि तो हरलेला होता. सातव्या कॅसेटीत दशावतार होता. दत्तारामनं तोंडानं एक शब्द काढला नव्हता. देवाची शपथ जशीच्या तशी शाबूत, आणि माझं आयुष्यातलं एकमेव अंतिम फेरीचं स्वप्न त्यानं वस्तरा धाडून कापलं. बाबलो बिचारा विचारत होता, पाणी गरम करू काय म्हणून. त्याला मी हाकलून दिलं आणि पुढे आठ महिने दत्तारामशी बोललो नाही. होळीला तो स्वतः आला, हसत, मला मिठी मारून म्हणाला, "पेढे गोड होते रे." मी त्याला जेवायला वाढलं. मनात म्हणालो, वेळ येऊ दे, मेल्या.

वेळ काही येईना. केबल आली, मग इंटरनेट आलं, वॉल्टरबाब तिकडेच देवाघरी गेला. आता आम्ही दोघंही पहाटे साडेपाचला, हा मांद्र्यात आणि मी डिचोलीत, एकाच वेळी सामना बघायला लागलो. निकाल हातात धरून सूड घ्यायचा तर तो समोरच्याच्या आधी कळायला हवा, आणि आता कुणालाच आधी कळत नव्हता. मध्यंतरी खाण बंद पडली, मी घरी बसलो, तर हा रोज फोन करून बोलवायचा. "हय येवन बस. पाव्हण्यांची नावां लिवन घी. घरात बसान कुसशीत." दोन मोसम मी त्याच्याकडे वहीत नावं लिहीत बसलो, दुपारी त्याच्याबरोबर जेवलो. म्हणजे उपकारसुद्धा करून ठेवले त्यानं. ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याच्याच ताटात जेवायचं ही काय शिक्षा असते ते मला विचारा. एका गोष्टीवरून मात्र आमचं कधीच जमलं नाही. मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहतात आणि प्रत्येक खेळाडू समोरच्या प्रत्येकाशी हात मिळवतो. आदल्या तासाला ज्यानं नाक फोडलं त्याच्याशीसुद्धा. दत्तारामला तेवढाच भाग परत परत बघायचा असे. मला तो बघवत नसे. हरल्यावर हात कसला मिळवायचा, असं मी म्हणे. तो म्हणे, "तुका खेळ कळलोच नाय."

यंदा लाल संघ पहिल्याच फेरीत बाद झाला आणि मी दाढी करून मोकळा झालो. निळे पुढे जात राहिले. उपांत्य फेरी तीन-तीन झाली आणि सातव्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दत्तारामच्या छातीत कळ आली. म्हापशाला नेऊन अतिदक्षता विभागात ठेवलं. फोन नाही, टीव्ही नाही. पहाटे मी एकटाच सामना बघितला. जादा वेळेत निळे जिंकले. मी आनंदानं ओरडलो, आणि ओरडता ओरडता मला उमगलं... की वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा निकाल मला ठाऊक आहे आणि त्याला नाही.

चार वाजता मला पाच मिनिटं आत सोडलं. दत्ताराम उशांना टेकून बसला होता, हाताला नळी, दाढी नीट विंचरलेली. मला बघून हसला. मी तब्येतीचं विचारलं. तो म्हणाला, "त्या ऱ्हवांदे. जिकले काय?" इतक्या वर्षांत त्यानं मला कधी निकाल विचारला नव्हता. मी म्हणालो, "रेकॉर्डिंग आहे. घरी येऊन बघ." "सांग मरे. देव काय माका ह्या वक्ताक धरूचो नाय." मी त्याची चादर सारखी केली. "बरा, इतक्या तरी सांग, दाढी ठेवू काय काडू?" मी म्हणालो, "नर्सीक विचार." माझ्या जिभेवर ते वाक्य होतं, तीन शब्दांचं, आणि मी ते दातांमागे धरून ठेवलं आणि मला फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हटलं, तळमळ आता, उद्या येऊन सांगीन, परवा सांगीन. निघताना त्यानं नळी नसलेला हात पुढे केला. मी माझी पिशवी उजव्या हातात घेतली आणि "येतो" म्हणून बाहेर पडलो. पहाटे तो गेला.

पुढचा महिना मी कसा काढला ते मालतीला विचारा. जेवण जाईना. अंतिम फेरी सुरू झाली होती, ती मी बघत होतो, पण समोर बर्फ दिसण्याऐवजी तो पुढे केलेला हात दिसायचा. दिवसकार्य झालं, तेरावा झाला. महिन्याच्या श्राद्धाला मांद्र्याला गेलो आणि मंडळी पांगल्यावर सुमनवहिनींना म्हणालो, मला काही सांगायचं आहे. सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, मी सांगितलं नाही, तो न कळता गेला. वहिनी पान लावत होत्या. त्यांनी शांतपणे पानाची शीर काढली.

"त्यांका सकाळीच कळलेला," त्या म्हणाल्या. "नितीनान माका फोनार सांगल्यान, मी अकराक भितर गेलंय तेवा त्यांका सांगलंय. तेवाच म्हणाले, अनंताक कळू दिव नको. तो येतलो, मी विचारतलंय, बघूया तोंड उघडता काय."

"आणि?" मी म्हणालो.

"आणि काय? तुम्ही गेल्यार इतके हसले, मशीन वाजाक लागला. नर्स धावान इली. म्हणाले, नाय उघडल्यान गो तोंड. हो एक डाव त्याचो."

 मग हे मला महिनाभर सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं. वहिनींनी पान माझ्यापुढे केलं. "त्यांनीच सांगल्यानी. म्हयनोभर सांगू नको, जळांदे जरा. म्हणाले, घरी इलंय काय मीच सांगान." त्यांनी पानाचा डबा मिटला. "ते इले नाय. पण म्हयनो म्हणजे म्हयनो. तो आज झालो."

पुढे केलेला हात कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. शपथ मी पाळली होती आणि तो हरला होता. तो रांगेत उभा राहून हात मिळवत होता. मी पिशवी धरली. याचं दुःख मला मरेपर्यंत राहील, आणि ते मी कुणाला वाटून देणार नाही. पण त्याहून मोठा आहे तो माझा संताप. खाटेवर पडून, हाताला नळी लावून, या माणसानं मला महिनाभर जाळायची व्यवस्था करून ठेवली, आणि स्वतः मेल्यावरही ती मोडू दिली नाही. माझा सूड म्हणून मी जो बावीस वर्षं जपला, तो त्यानं पाच मिनिटांत हसून खाल्ला. आणि वर म्हणतो, हो एक डाव त्याचो! हे असं दिलेलं मला नको आहे, दत्ताराम. मला घेतलेलं हवं होतं.

निघताना वहिनींनी विचारलं, "शेवटाक काय झाला हो? कप कोणी घेतलो? नितीन सांगणा नाय." नितीन सांगणार नाहीच. अंतिम फेरी संपली त्याच दिवशी मी त्याला गाठून नारळावर हात ठेवायला लावला आहे, दत्तारामला जे कळणार नाही ते त्याच्या घरात कुणी बोलू नये म्हणून. मीही वहिनींना सांगितलं नाही. मधुमेहानं दत्तारामची नजर अधू झाली तेव्हापासून वहिनी दर रविवारी दुपारी वर्तमानपत्राची ही पुरवणी त्याला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवत. तो व्हरांड्यातल्या कदेलीवर, त्याच्या त्या खुर्चीवर, पाय वर घेऊन बसायचा. त्या अजून वाचतात. कदेल तिथंच आहे, त्याच्याकडे तोंड करून वाचतात, मी बघून आलो. म्हणून तर हा लेख मी वर्तमानपत्राकडे पाठवला.

तेव्हा वहिनी, इथवर वाचलंत ना? त्याला ऐकू गेलं असेल. निळे जिंकले की हरले, ते पुढं लिहिलेलं नाही. पुरवणी मिटा आणि आत जा. बसू दे त्याला तिथं.